रस्तेवाल्या बाई

आमच्या बाईंनी कधी कुणाला ‘कशी आहेस?’ असं विचारलं असेल, असं मला वाटत नाही. त्या विचारायच्या, ‘कुठून आलीस?’ आणि ‘डोंबिवलीहून’ एवढ्या उत्तरावर त्यांचं भागायचं नाही. पूर्वेकडून की पश्चिमेकडून, कुठल्या रस्त्यानं, आणि तो रस्ता खणलेला असता तर कशी आली असतीस, हे सगळं सांगितल्यावरच वर्गात बसायला मिळायचं. मानपाड्याच्या पुढच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्या कॉम्प्युटर नेटवर्क शिकवायच्या. पोरांनी त्यांचं नाव ‘रस्तेवाल्या बाई’ ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

इतर ठिकाणी हा विषय पडद्यावरच्या आकृत्यांनी सुरू होतो. बाई पहिल्याच तासाला वर्ग रस्त्यावर काढायच्या. कॉलेजात इंटरनेटची वायर येते कुठून, ते माना वर करून शोधायचं. खांबावरून, गुलमोहरातून, कुणाच्या तरी गच्चीवरून, मग एकदम जमिनीत. आमच्या वर्षी अख्खा वर्ग वर बघत चाललेला पाहून दुकानदारांना वाटलं, रस्तारुंदीची मोजणी आली. एकानं फुटपाथवर मांडलेला माल भराभर आत घेतला, दुसरा बाईंसाठी थंडा घेऊन धावला. बाई शांतपणे थंडा प्यायल्या आणि मग आपण कोण ते सांगितलं.

‘नेट गेलं’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “नेट गेलं म्हणजे काय? गावाला गेलं? कोणता रस्ता बंद पडला ते शोध आणि मग माझ्याकडे ये.” इंटरनेटची सगळी करामत त्या चार वाक्यांत सांगायच्या: आपला निरोप तुकडे होऊन निघतो, प्रत्येक तुकडा आपला रस्ता शोधतो, एक रस्ता बंद झाला तर दुसऱ्यानं जातो. “पण रस्ताच एक ठेवलात,” असं म्हणून त्या खडू टेबलावर आपटायच्या, “तर त्या हुशारीचं काय लोणचं घालायचं?”

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसू लागले. कॉलेजचं नेटवर्कही तेव्हा बाईच सांभाळायच्या. आमचे संचालक हौशी गृहस्थ. सहाव्या पिढीचं मोबाइल नेटवर्क, उपग्रहावरून इंटरनेट, आपली आपण दुरुस्त होणारी नेटवर्कं, अशा विषयांवर ते परिसंवाद भरवायचे आणि पाहुण्यांना शाली घालायचे. बाई शेवटच्या रांगेतून हात वर करायच्या. “सगळं छान आहे. पण आपल्या बिल्डिंगच्या दोन्ही केबल एकाच गटाराच्या कडेनं येतात, त्याचं काय?”

“मॅडम, दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शन्स घेतलीयत की आपण! अजून काय पाहिजे?” संचालक हसून म्हणायचे आणि सभागृहही हसायचं. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

बाई नुसत्या तक्रार करून थांबल्या नव्हत्या. कॉलेजच्या मागच्या जागेचे मालक, एक म्हातारे पाटील, यांना त्या स्वतः जाऊन भेटल्या आणि दोनांतली एक केबल तुमच्या जागेतून नेऊ का, म्हणून विचारलं. मीही सोबत होते. म्हातारा बाजेवरून उठलासुद्धा नाही. “ने ना बाय. तार काय मना खावाला मांगते?” म्हणाला. एवढं सोपं होतं. अडलं कुठं? तर केबल जिथून आत यायची तिथं नवीन लॉन घातलं होतं. कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती. लॉनवर चर खणायचा नाही, असं संचालकांनी सांगितलं. गवतासाठी!

मग एका प्रवेशपरीक्षेचं केंद्र आमच्याकडे आलं. पेपर ऑनलाइन. मुलं बाहेरची, कुणी कल्याणची, कुणी उल्हासनगरची. पेपर रंगात आला असताना बाहेर जेसीबीनं पाण्याच्या पाइपासाठी गटाराची कड खणली आणि दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच फटक्यात उचलल्या. सगळे पडदे थिजले. विठ्ठलवाडीची एक मुलगी उठून बाईंकडे आली. “मॅम, आमचं वर्ष गेलं का?”

“नाही जाणार,” बाई म्हणाल्या.

फेरपरीक्षा मिळणार होती, पण चूक केंद्राची आहे असं केंद्रानं सही करून कळवलं तरच, आणि तेही त्याच दिवशी. संचालकांनी काय ठरवावं? तर मुलांनीच मशीनशी खेळ केले, असं कळवायचं! मी त्या बैठकीत ओरडले. नाही नाही ते बोलले. कुणी वर बघेना. बाईंनी मात्र कोरा कागद ओढला, केंद्राचा संपर्क तुटला, नेटवर्क माझ्या ताब्यात आहे, जबाबदारी माझी, असं लिहून सही केली आणि स्वतः पाठवून दिला.

मुलांचा पेपर पुन्हा झाला. बाईंची नोकरी गेली. त्यांच्याच कागदावरून त्यांची चौकशी झाली आणि ज्यांनी गवत जपलं तेच चौकशीला बसले. स्टाफच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ आणि ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’! मी कळव्याला त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्याशीच भांडले. “तुम्ही का सही केलीत? तुमची काय चूक होती?”

“अगं, पोरांचा पेपर झाला ना?” त्या वाटाणे सोलत म्हणाल्या. “माझी नोकरी तशीही संपतच आली होती. त्यांचं आत्ता सुरू होतंय.” मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. बाई, तुम्ही चांगल्या वागलात म्हणून ते लोक सुटले.

मी नोकरी सोडली नाही. भांडायला आत कुणीतरी हवं.

यंदा कॉलेजनं मागच्या बाजूनं दुसरी केबल घातली. लॉन खणलं. संचालकांनी चरापाशी नारळ फोडला आणि संस्थेच्या दूरदृष्टीवर भाषण केलं. बाईंचं नाव नाही. मी मध्येच उठून विचारलं, ही कल्पना कुणाची? तर माइकवाल्यानं गाणं लावलं. तिथूनच मी बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, “नारळाचं राहू दे. केबल किती खोल पुरलीय?”

मी बघितलं नव्हतं. फोन ठेवून तशीच बुजवलेल्या चरापाशी गेले आणि मऊ, ओल्या मातीत हात घातला. मनगटसुद्धा बुडालं नाही, आणि बोटांना केबल लागली; कुदळीच्या एका घावात तुटेल अशी. हात न धुताच मी संचालकांच्या केबिनमध्ये शिरले आणि तो चिखलाचा हात त्यांच्या टेबलावर ठेवला.