ताऱ्यातलं पाणी

अलिबागेत फुकट गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या थोरल्या आत्याचे यजमान जितकं मन लावून फुकट गेले तितकं कोणी गेलं नाही. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. शाळेत सायन्स शिकवून निवृत्त झालेला माणूस नारळांना पाणी घालतो, देवळात जातो, फावल्या वेळात म्युनिसिपालिटीला शिव्या देतो. आतोबांनी अंगणात सिमेंटचा चौथरा बांधला, स्वतः घासलेल्या आरशाची दुर्बीण त्यावर बसवली आणि तिमिंगल नावाच्या तारकापुंजातल्या एका तांबड्या ताऱ्यावर जीव टाकला. हा तारा अकरा महिन्यांत एकदा फुगतो नि आक्रसतो. मधले कित्येक महिने नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. "दिसत नाही म्हणजे विझला असं नव्हे," आतोबा सांगायचे. "उजेड आटतो, ऊब फारशी आटत नाही." त्या उबेची जेवढी चौकशी केली तेवढी त्यांनी आत्याची केली असती, तर माझ्या वडिलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं नसतं.

ही ऊब म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. ते टिपणारा नखाएवढा तुकडा आतोबांनी मुंबईच्या भंगारातून, लढाईच्या उरल्यासुरल्या सामानातून शोधून आणला होता. तो थंडगार ठेवावा लागे आणि बर्फ मिळे फक्त कोळीवाड्यात. म्हणून रोज दिवेलागणीला एक कोळीण मासळीवरचा बर्फ पाटीतून घेऊन येई. पापलेटाचा वास मारणारी दुर्बीण अख्ख्या जगात आतोबांच्याच अंगणात असावी. आळीतली मांजरं तिला अंग घासायची. आतोबांच्या खगोलशास्त्राला नियमित श्रोतृवर्ग म्हणावा तर तेवढाच.

एका हिवाळ्यात लोलकातून पसरलेले त्या ताऱ्याचे किरण मोजताना यंत्राचा काटा एका जागी धपकन खाली आला. पुन्हा मोजलं, पुन्हा आला. पाण्याची वाफ नेमके तेच किरण गिळते. आतोबांनी निष्कर्ष काढला, की त्या धगधगत्या ताऱ्याच्या वातावरणात पाणी आहे. मुंबईच्या शास्त्रज्ञांच्या एका सभेने ते सांगायला त्यांना चक्क दहा मिनिटं दिली. आयुष्यात त्यांचं सलग दहा मिनिटं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी नवा कोट शिवला. निबंध मी कचेरीत साहेबांची नजर चुकवून टंकला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण गावभर मिरवलो मीच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कोळीण बर्फ घेऊन आली. आतोबांनी मोठ्या उमाळ्याने तिलाही ती बातमी सांगितली.

"कुठनं बगितलं? हितनंच?" तिने विचारलं.

"इथूनच की."

"मंग त्ये पानी हितलंच न्हाय कशावरनं? दिस कलला का आमी वाळत घातलेलं बोंबील उचलून घेतो, न्हायतर दवानं नरम पडतान. हवाच वली हाय, मास्तर."

मी खो खो हसलो. आतोबा हसले नाहीत. त्यांनी दुर्बीण व्याधाच्या ताऱ्याकडे वळवली. व्याध इतका तापलेला की त्याच्यावर पाण्याची वाफ टिकणंच शक्य नाही. काटा त्याच जागी, तसाच खाली आला. म्हणजे ती वाफ ताऱ्यावरची नव्हती, अलिबागच्या हवेतली होती. दुसऱ्या कशाशी तरी ताडून बघा, हे जन्मभर पोरांना बजावणारा मास्तर आपल्या लाडक्या ताऱ्यापुरता ते साफ विसरला होता. "जाऊ द्या हो, आतोबा," मी म्हणालो, "तिथे कोणाला कळतंय? वाचून मोकळे व्हा." असे सल्ले मी कचेरीत रोज देत असे आणि लोक ते घेतही असत.

"मला कळलंय ना," आतोबा म्हणाले.

तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही रेवसहून लाँचने मुंबईला गेलो. नवा कोट घालून आतोबांनी भर सभेत सांगितलं, की मी ताऱ्याचं पाणी मोजायला गेलो आणि माझ्या गावाची हवा मोजून आलो. चूक कशी झाली, कशी सापडली, सगळं सांगितलं आणि त्या कोळणीचे नाव घेऊन आभार मानले. चार मिनिटांत आटोपलं. कोणी एकही प्रश्न विचारला नाही. परतताना लाँचवर मी त्यांच्यापासून दूर, पार टोकाला जाऊन बसलो. मला त्यांची लाज वाटते आहे, असं मी तेव्हा समजत होतो.

काही वर्षांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक बातमी आली. परदेशात दुर्बीण फुग्याला बांधून दमट हवेच्या पार वर नेली, तेव्हा तसल्याच तांबड्या ताऱ्यांत पाण्याची वाफ सापडली. मी अंक घेऊन धावत सुटलो. आतोबा अंथरुणाला खिळले होते, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. मी बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणालो, "आतोबा, तुमचंच खरं निघालं."

"माझं नाही रे," ते म्हणाले. "मी पाहिलं ते आपल्याकडचंच." मग त्यांनी विचारलं, "त्यांनी दुसऱ्या ताऱ्याशी ताडून पाहिलंय का?"

बातमीत तसलं काही नव्हतं. "पाहिलंय," मी म्हणालो.

"मग आहे पाणी," आतोबा म्हणाले आणि कुशीवर वळले. कचेरीच्या नोकरीत मी खोटं बरंच बोललो. त्यातलं हे एवढं एक तरी खरं असावं, असं मला आजही फार वाटतं.