हवालदाराची सोबत

गल्लीत तिला सगळे धसकाबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं. दुकानाला कुलूप लावून निघाली की कोपऱ्यावरून परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. इस्त्रीच्या बॉयलरनं जरा वेगळा सूर लावला की बटण बंद करायला धावायची. फोन वाजला की आधी "काय झालं?" विचारायची, "हॅलो" त्यानंतर. नवरा म्हणायचा, "हिला आनंदाची बातमीसुद्धा बेताबेतानं सांगावी लागते."

नवराबायकोचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. त्यामुळे तिच्या सगळ्या भीतींची राणी म्हणजे लाल रंग. पांढऱ्या कपड्यावर लाल नक्षी असली की तो कपडा हातात घेतानाच तिचे हात गार पडत. लाल रंगाचा काय भरवसा? दहा वेळा गप्प बसेल आणि अकराव्या वेळी सगळ्या पांढऱ्याचं वाटोळं करून टाकेल.

एकदा एका मोठ्या सभागृहाचे धुतलेले पडदे पोचवायला ती गेली होती. आत माशांचं प्रदर्शन भरलेलं. निळ्या गोल टाक्यांमध्ये हातभर लांबीचे मासे संथ फिरत होते. एका टाकीपाशी ती थबकलीच. दुधासारखं पांढरं अंग आणि त्यावर लालभडक पट्टे. लाल जिथे संपत होता तिथे कडा इतकी स्वच्छ, की कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी. आयुष्यभर पाण्यात राहूनही रंग फुटला नव्हता. पडद्यांची पावती हातात तशीच धरून ती कितीतरी वेळ वाकून उभी होती.

"जपानी कोई मासा आहे," टाकीमागचा मासेवाला म्हणाला. "या जातीला कोहाकू म्हणतात. नुसती पांढरी आणि लाल."

"आणि लाल पसरला तर?"

मासेवाला हसला. "पसरत नाही. विरतो मात्र. नीट सांभाळलं नाही तर फिकट होतो, तुटतो. म्हणून तर लोक घाबरून असतात."

घाबरून असतात म्हटल्यावर तिला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं असावं. वाईट दिवसांसाठी म्हणून बाजूला टाकलेले पैसे तिनं काढले आणि एक लहान कोहाकू घ्यायचं ठरवलं. नवऱ्याला आधी चेष्टा वाटली. मग तो म्हणाला, "अगं, घरात मांजर नको म्हणालीस, कुठून तरी पडेल म्हणून. आणि आता एवढा महागाचा मासा?"

मासेवाल्यानं तिला एका पिल्लाकडे बोट दाखवलं. "मादी आहे. खांदे रुंद आहेत, अंग भरेल. लाल अजून पातळ दिसतोय, पण हळूहळू दाट होईल. दोनेक वर्षांत प्रदर्शनाला जाईल." घरी आधीचे मासे आहेत हे तिच्याकडून ऐकल्यावर, पाण्यानं अन् हवेनं फुगवलेल्या पिशवीत मासा देताना त्यानं आवाज खाली आणला. "एक ऐका ताई. घरच्या माशांत लगेच सोडू नका. काही आठवडे वेगळ्या टाकीत, जरा कोमट पाण्यात ठेवा. आणि सोबतीला घरचा एक मासा द्या."

"एकटीला करमणार नाही म्हणून?"

"नाही. कोईंमध्ये एक वाईट साथ असते. नव्या माशात ती लपून बसलेली असेल तर त्याच्यावर काहीच दिसत नाही, पण सोबतचा आजारी पडतो. तसं झालं तर औषध नाही. मग त्या पाण्यातला एकही मासा ठेवता येत नाही. म्हणून या टाकीची बादली, जाळी, काहीही तुमच्या हौदाला लागू देऊ नका."

पिशवी मांडीवर धरून घरी येईपर्यंत तिनं दहादा तिची गाठ चाचपली.

घरचे मासे म्हणजे सासऱ्यांचे. दुकानाच्या मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता आणि त्यात अप्पांनी वर्षानुवर्षं साधे, मातकट कोई पाळले होते. ना रंग ना रूप. पण सकाळचा चहा ते हौदाच्या कठड्यावर बसूनच घेत. सगळ्यांत म्हातारा मासा काळपट, जाड मिशांचा. दिवसभर भिंतीकडेनं गस्त घालायचा, म्हणून त्याचं नाव हवालदार.

सोबतीची गोष्ट अप्पांना सांगताना तिची मान वर होईना. "कुठलाही द्या अप्पा. एखादा लहानसा."

 अप्पांनी स्वतः उठून हवालदाराला जाळीत घेतलं. "आजाराच्या खोलीत लहान पोरांना पाठवतात का? म्हाताऱ्यानंच जावं," ते म्हणाले.

मागच्या कोठीत टाकी लावली. पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरमध्ये हौदातल्या फिल्टरचे जुने स्पंज टाकायला मासेवाल्यानं सांगितलं होतं, ते टाकले. दोघं एकत्र फिरू लागली, पुढे हवालदार, मागे ती लाल-पांढरी. धसकाबाई दर गिऱ्हाइकामागे एकदा आत डोकावून यायची. हवालदार खातोय ना? पोहतोय ना? अंगावर काही उठलंय का?  रात्रीचं जेवण उतरेना. नवरा म्हणाला, "मासा ठणठणीत आहे, आता तुझीच तब्येत बघायला कोणीतरी सोबतीला ठेवायला हवं."

एका सकाळी तिनं फिल्टरचं झाकण उघडलं आणि तिच्या अंगावर काटा आला. स्पंजवर तपकिरी, बुळबुळीत थर. एवढ्या घाणीतून पाणी जातंय? रोग येणार नाही तर काय! तिनं सगळे स्पंज नळाखाली धरले, पिळले, पुन्हा पुन्हा धुतले. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जरा वाळवून ते पांढरेशुभ्र स्पंज परत बसवल्यावर तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. पुढच्या दिवसांत हवालदार खायचा थांबला. मग हवेच्या नळीच्या बुडबुड्यांपाशी येऊन तोंड वर करून धापा टाकू लागला. पर अंगाला चिकटवून घेतले. लाल-पांढरी तळाशी निपचित. धसकाबाईला कोणी काही सांगायची गरजच उरली नाही. साथ आली होती.

 आणि त्या घाबरटपणात तिनं एक गोष्ट केली. हवालदाराला त्याच्या घरचं पाणी दिलं तर बरं वाटेल, असं काहीतरी मनात येऊन तिनं टाकीजवळची बादली उचलली, अंगणात धावली आणि हौदात बुडवली. भरलेली बादली घेऊन कोठीच्या दारात आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, बादली टाकीची होती.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. हौदात अप्पांचे सगळे मासे कठड्याशी गोळा झाले होते. बादली दिसली म्हणजे खाणं आलं, एवढंच त्यांना माहीत.

"सूनबाई, कसा आहे आमचा हवालदार?" अप्पांनी आतून विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली. "झोपलाय."

अप्पा बघायला येऊ नयेत म्हणून तिनं कोठीचं दार लोटून घेतलं आणि मासेवाल्याला फोन केला. तो हातातलं काम टाकून आला. आल्या आल्या त्यानं टाकीतलं पाणी एका लहान बाटलीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवंगार झालं.

"फिल्टरचे स्पंज कोणी बदलले?"

"बदलले नाहीत. धुतले. फार घाण होते."

मासेवाल्यानं डोक्याला हात लावला. "अहो ताई, ती घाण नव्हती. माशांच्या मुतातलं विष खाणारे जीव होते ते. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्यानं सगळे मेले. आता हे दोघं स्वतःच्याच विषात पोहतायत."

"म्हणजे साथ नाही?"

"तसं म्हणता येत नाही. साथीतही असंच दिसतं."

त्यांनी अर्धं पाणी बदललं, त्यात नळाच्या पाण्यातलं औषध मारणारी पूड टाकली. लाल-पांढरी संध्याकाळपर्यंत जरा हलू लागली. हवालदार दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. दुकानात गिऱ्हाईक कोटाच्या बटणावरून हुज्जत घालत होतं आणि धसकाबाई नुसती "हो, हो" करत उभी होती.

मासेवाल्यानं हवालदाराच्या कल्ल्यांचा तुकडा तपासणीला पाठवला. उत्तर येईपर्यंत थांबणं आलं. तिनं त्याच संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं. स्पंज, खोटं बोलणं, बादली, काही ठेवलं नाही. अप्पा ऐकत होते. "बादली कुठे बुडवलीस?" एवढंच त्यांनी विचारलं. तिनं कोपरा दाखवला. दुसऱ्या दिवसापासून अप्पा त्या कोपऱ्यापाशी खुर्ची टाकून बसले. चहा मुलाच्या हातून घेऊ लागले. हिनं कप पुढे केला की म्हणायचे, "ठेव तिथे." तो तिथेच गार व्हायचा.

ते दिवस तिला आयुष्यभर पुरले. हौदात एखाद्या माशानं नुसती कूस बदलली तरी दोघांच्याही माना एकदम वळत. 

शेवटी मासेवाल्याचा फोन आला. ती "काय झालं?"सुद्धा म्हणू शकली नाही. "साथ नाही," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ. नुसतं पाण्याचं विष."

अप्पांचे मासे वाचले. म्हणजे हवालदाराला रोगानं मारलं नव्हतं. तिनं मारलं होतं. ती खाली बसली आणि रडली. सुटकेचं किती आणि अपराधाचं किती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मासा परत देते अप्पा," ती म्हणाली.

"परत दिलास तर हवालदार कशासाठी गेला?" अप्पा कडक आवाजात म्हणाले. "ठेव. पण स्पंजला हात लावायचा नाहीस. ते मी बघेन."

अशी ती लाल-पांढरी दोघांची झाली. पाण्याची तपासणी हिच्याकडे, स्पंज अप्पांकडे. खाणं मोजून, गारठ्यात हलकं. दोन वर्षांत अंग भरलं, लाल दाट झाला आणि कडा धारदार झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी ती दर पाच मिनिटांनी टाकीतलं पाणी तपासत होती. शेजारच्या टाकीवाल्या साहेबांची जाळी घरी राहिली होती. "जरा तुमची द्या हो," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, मिनिटभर. माझा मासा ठणठणीत आहे."

"तसा तो दिसतोच. नाही म्हणजे नाही."

साहेब काहीतरी पुटपुटले. जाळी तिनं पाठीमागेच धरली. अप्पांनी खुर्ची उचलून मुकाट्यानं दोन टाक्यांच्या मध्ये आणून ठेवली आणि तिच्यावर बसले.

तिच्या आकाराच्या माशांच्या गटात लाल-पांढरीचा तिसरा नंबर आला. परीक्षकांनी खांद्यावरच्या लाल कडेचं नाव घेतलं, तेव्हा धसकाबाई बाहेर गाडीत जाऊन बसली होती. ऐकवणार नाही म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात खांद्यावरचा लाल विरायला लागला. मासेवाला म्हणाला, आता प्रदर्शनाची नाही राहिली. मग तिला कायमची हौदातच ठेवली, मातकट माशांत. धसकाबाईची भीती काही गेली नाही. एका संध्याकाळी ती कठड्यावर बसलेली असताना अप्पांनी विचारलं, "आता कसली काळजी?"

"वीज गेली तर हवा बंद पडेल. शेजारची मांजर फिरते. आणि नळाच्या पाण्यात आज वास होता."

अप्पांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हौदावरची जाळी नीट बांधलीस का? मासे उड्या मारतात."

"बांधली ना. तुम्हीच गाठ बघितलीत."

"पलीकडची नाही बघितली," अप्पा म्हणाले आणि उठले. तीही चपला न घालता त्यांच्यामागे गेली.