नाल ठोकलेली जोडी

आमच्या वलगावच्या पार्बताबाईला कोणी ‘जाऊ नको’ म्हटलं, की ती जाणारच! कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली सगळं गाव कपाशीच्या मागे येडं झालं. ज्वारी पेरतो कोण? चराईचं पडीकसुद्धा नांगरून टाकलं यांनी. मग कडबा काय आभाळातून पडणार? फाल्गुनातच गव्हाणी रिकाम्या. पार्बताबाई विधवा, एकटी. तिची बैलजोडी पेरणीपर्यंत जगली तरच तिचं वावर पिकणार होतं.

खुशालराव पाटलाने जोडी विकत मागितली. ती म्हणाली, “मी बैलायले मेळघाटात चारून आणीन.”

“बाईमाणूस जंगलात?” पाटील मिशीला पीळ देत हसला. “जोडी घेऊन परत आली, तर ही मिशी उतरवतो!”

“वस्तऱ्याले धार लावून ठेवा, पाटील.”

पण बाई रागाच्या भरात निघाली नाही. आधी परतवाड्याच्या बाजारात कोरकू बायांपाशी बसून, उन्हाळ्यात कोणता डोह आटत नाही ते विचारून आली. पाण्याची पखाल, चकमक, मीठ, पीठ घेतलं. बैलांच्या गळ्यात घंटा बांधल्या. शेजारच्या कुलसुमबीला वाट समजावली. “वैशाखातल्या आखाजीपर्यंत निरोप नाही आला, तर याच वाटेनं माणसं धाडजो.”

मग शफी नालबंदाकडून बैलांना नाल ठोकून घेतले. गाव खो-खो हसलं. काळ्या मातीतल्या बैलाला नाल! “चरायले चालले का वरातीले?”

“मातीतला खूर दगडावर फुटते,” ती तडकली. “फुटल्यावर तुमी खांद्यावर आणसान का?”

आता पाटलाचा हेका पाहा. बाई गेली म्हणून त्यानेही आपले बैल गड्यासोबत वर धाडले. तेही बिननालाचे! घाटातच खूर फुटले आणि जनावरं लंगडत घरी आली.

पार्बताबाई पेरणीच्या तोंडावर परतली. स्वतः उन्हानं काळी ठिक्कर, पण जोडी कशी तुकतुकीत! निरोप आखाजीआधीच आला होता, तरी कुलसुमबी तिच्या गळ्यात पडून रडलीच.

दुसऱ्या दिवशी पाटील दारात. “पार्बताबाई, दोन दिवस जोडी द्या. माये बैल उभेच नाही राहून राहिले.”

“देईन. आधी मायं वावर पेरू द्या.”

आणि गावादेखत तिनं अर्ध्या वावरात ज्वारी पेरायला घेतली.

“येडी झाली का?” पाटील बांधावरून ओरडला. “कापसाचा भाव पाहा!”

“तुमीच पेरा कापूस. माये बैल कापूस खात नाहीत.” तिनं तिफण थांबवली नाही. “अन् पाटील, मिशी अजून तशीच दिसून राहिली. न्हावी गावाले गेला का?”