डिंडोलीची शांतता समिती

चहात लीली चा, म्हणजे गवती चहा, आणि फुदिना पडला, की त्या वासासरशी मी डिंडोलीत, गुजराती मुलखातल्या त्या खानदेशी वस्तीत पोचतो, नव्वदच्या दशकातल्या दंगलीनंतरच्या शांतता समितीत. अहाहा, काय तो थाट! सतरंजी, लोड, मिशांना पीळ भरणारे पुढारी आणि पाहुण्या म्हणून आमच्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक बाई. यादवी युद्धानंतर बायकांच्या हक्कांचं काय होतं, हा त्यांचा अभ्यास.

"इथे एकही बाई कशी नाही?" त्यांनी विचारलं.

"आहेत ना, बेन! आत चहा करताहेत," अध्यक्ष आप्पा म्हणाले. सगळे खो खो हसले.

बाई तडक आत गेल्या आणि चहा करणाऱ्या कमलला घेऊन आल्या. दंगलीत जीव वाचवून पळालेल्या शेजारणीला, जुबेदाला, तिची खोली परत द्या, असं कमलने बाईंच्या कानात सांगितलं होतं.

"मी नाही, तूच सांग," बाई म्हणाल्या.

पण आप्पा कमलचे जेठ, म्हणजे थोरले दीर. खानदेशी सून जेठापुढे तोंड उघडत नाही. हनुवटीपर्यंत पदर ओढून ती नुसती उभी राहिली.

"बघा, तिची काही तक्रार नाही," आप्पा म्हणाले आणि जुबेदाची खोली आपल्या चुलत पुतण्याला देऊन मोकळे झाले. बाईंचं मग कुणी ऐकलंच नाही.

पुढे कित्येक वर्षं मी या प्रसंगाची नक्कल करून मैफली गाजवल्या. आप्पांचा आवाज अजून हुबेहूब काढतो. कमलचा कसा होता, ते मला ठाऊकच नाही.