पुढं ओढलेली सीट

पडेगावच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाय. माणूस लई उंच आन् बोलायला कंजूष. माझ्या जुन्या गाडीत पेट्रोलचा वास यायचा. बायको नाकाला पदर लावून बसायची आन् म्हणायची, "दाखवा की कुणाला तरी." ती गेल्यावर दाखवली.

त्यानं सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर खोचला, वायर खिडकीतून आत घेऊन एका मीटरला जोडली. म्हणाला, "काका, हवेच्या मानानं पेट्रोल किती जळतंय ते ह्या मीटरवर दिसतं. पण चालत्या गाडीत बघावं लागतं. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

बायको बुटकी, म्हणून शेजारची सीट पार पुढं ओढलेली. ती गेल्यापासून मी तिथं कुणाला बसू दिलं नव्हतं.

त्यानं सीट मागं सारायला खाली हात घातला, माझ्या तोंडाकडं बघितलं आन् हात काढून घेतला. गुडघे छातीशी घेऊन तसाच बसला. दौलताबादच्या रस्त्यानं जरा गेलं की उतरायचा, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलायचा, परत घडी होऊन बसायचा.

शेवटी मीच म्हणलं, "सार की मागं."

"राहू द्या काका. मला कुठं रोज बसायचंय?"

आता वास पार गेलाय. तरी गाडी सुरू केली की मी शेजारी बघतो, तिचा पदर नाकावरून खाली आला का म्हणून.