गाडीकडे पाठ करणारे बत्तीमास्तर

बत्तीमास्तर बिघडलेल्या गाडीकडे आधी पाठ करून बसत. वाशिमला अकोला नाक्याजवळ त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं पत्र्याचं दुकान होतं. गाडी तोंडाने आत घ्यायची, ड्रायव्हरने जागेवर बसायचं आणि मास्तरांनी स्टुलावर, समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून. मग हुकूम सुटत. हॉर्न. ब्रेक. मोठी बत्ती. लहान बत्ती. आधी एकेक, मग दोन-दोन मिळून. डोक्यावरून भिंतीवर पडणारा उजेड ते निरखत, हॉर्नचा सूर ऐकत आणि खडूने भिंतीवर खुणा करत. एखाद्या नामांकित गवयाची बैठक असावी असा थाट असे.

आधी बॉनेट उघडून का पाहत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "उघडलं का हात शिवशिवते. मंग मानूस चांगली वायर बी तोडते."

मालकाला मात्र ते दुकानाबाहेर बसवत. त्यांचा अनुभव असा की, मालक बिघाडासोबत गुन्हेगारही ठरवूनच आणतो. माझे मामा याला अपवाद नव्हते. अनसिंगला मामांची शेती होती आणि एक जीप होती. ती सुखदेव चालवायचा. आठ वर्षं त्याने ती पोटच्या पोरासारखी सांभाळली होती.

त्या साली पोहरादेवीच्या यात्रेआधी मामांनी जीप रंगवायला काढली. बाहेरचं काम पेंटरने केलं. बॉनेटच्या आतलं मी अंगावर घेतलं. कॉलेज संपलेलं, नोकरी नाही आणि सौंदर्यदृष्टी मात्र भरपूर. बॅटरीपासून बॉडीपर्यंत एक तांब्याची विणलेली पट्टी येते. ती जिथे बोल्टने आवळलेली असते ती जागा मला फार कळकट दिसली. मी पट्टी सोडली, देवाला शेंदूर लावावा तसे निळ्या रंगाचे दोन जाड हात दिले, वाळल्यावर पट्टी पुन्हा आवळली आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

यात्रेच्या वाटेवर जीपच्या अंगात आलं. ब्रेक दाबला की पुढच्या लहान बत्त्या मिणमिणत. बत्त्या लावल्या की हॉर्न मांजरासारखा ओरडे. डाव्या बाजूचा इशारा दिला की उजवीकडचा लुकलुके. एका म्हातारीने खाली उतरून जीपसमोर नारळ फोडला. मामांनी तेवढ्यात निकाल दिला: सुखदेवने वायरींना हात घातला. वाशिमला दाखवू, तसं निघालं तर त्याने किल्ली ठेवायची आणि घरी जायचं.

मामा आमच्यासोबत वाशिमला आले, पण समोरच्या हॉटेलात बसले. मास्तर आणि सुखदेव दोघेही अनसिंगच्या बौद्धपुऱ्यातले. मास्तरांच्या दुकानातला चहा मामांना चालत नसे.

मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. सुखदेव एकेक कळ दाबत होता. भिंतीवर खुणा वाढत गेल्या. शेवटी मास्तर उठले, एक जाड वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीवर ती तांब्याची पट्टी जिथे लागते तिथे लावलं आणि दुसरं बॉडीवर एका खरवडलेल्या जागी टेकवलं. त्याबरोबर ब्रेक ब्रेकसारखा वागला, हॉर्न वाघासारखा गरजला. वायर उचलली की पुन्हा मांजर.

"करंट जायाचा रस्ता सारेच पाह्यतेत," ते म्हणाले. "वापस येयाचा कोनी पाह्यत नाई. त्याचा वापस येयाचा रस्ता बंद झाला, म्हनून तो दुसऱ्याच्या घरातून घुसून राह्यला."

मग त्यांनी त्या पट्टीचा बोल्ट खोलला. खाली निळा रंग चकाकत होता.

"हे कोनं केलं?"

"पेंटरनं," मी म्हणालो.

मास्तरांनी माझा हात धरला आणि उजेडात नेला. दहाच्या दहा नखांत निळा रंग होता. सुखदेव खाली पाहून हसला. आठवडाभरात पहिल्यांदाच हसला असावा.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी चाकूने ती जागा चकचकीत होईस्तोवर खरवडली, पट्टी आवळली आणि हात पुसत म्हणाले, "माहं काम झालं, बापू. आता मामाले तू सांग."

मी विनवलं, तुम्हीच सांगा, बोल्ट गंजला होता म्हणा. त्यांनी स्टूल उचलून माझ्यासमोर ठेवलं, त्यावर बसले आणि या वेळी माझ्याकडे पाठ केली.

रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. मामांनी सगळं ऐकलं, चहा संपवला आणि सुखदेवला एवढंच म्हणाले, "चाल, गाडी काढ." माफीबिफी काही नाही. सुखदेवने गाडी काढली. पुढे मामा थकेपर्यंत तीच गाडी त्याने चालवली.

हा किस्सा मी पुढे अनेक लग्नांत, अनेक पंगतींत सांगितला. नखांवर हमखास हशा यायचा.

काही वर्षांनी मास्तरांना नीट दिसेना. दुकान बंद करून ते मुलाकडे अमरावतीला निघाले. स्टँडवर पोचवायला गेलो तेव्हा मी त्यांना म्हणालो, त्या दिवशी मला चांगलीच शिक्षा दिलीत.

"शिक्षा?" मास्तरांनी विचारलं. "अरे, मी सांगतलं असतं तर तुह्या मामाले ते खरं वाटलं असतं काय? म्हनला असता, हा त्याच्या वस्तीतला, त्याले वाचवून राह्यला. तू घरचा. तुह्या तोंडून आलं म्हनून सुखदेवची रोटी वाचली."

त्यांची गाडी सुटली. तोवर हा किस्सा मी माझ्याच शिक्षेची गंमत म्हणून गावोगाव हसत सांगितला होता.