सुपारी फुटेपर्यंत

हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नाही. उदगीरच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवतो, बोलण्यावरच पोट आहे माझं — आणि एवढी एक गोष्ट चार वर्षं गिळून बसलोय.

दादा माझा थोरला भाऊ. गावाकडं शेती बघतो — म्हणजे बघायचा. त्याला हार्ट अटॅक आला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. आता चार पायऱ्या चढला की धाप लागते, पाय सुजतात. अन् घरात सगळे काय म्हणतात? यानं दुखणं लपवलं! वहिनी अजून अळणी वरण वाढता वाढता बोलते, "तोंडाला कुलूप घातलं होतं का वो?" दादा खाली मान घालून जेवतो.

लपवलं... कसं सांगू?

त्या दिवशी गावाकडच्या घरी माझ्या पोरीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. वडील नाहीत, म्हणजे सुपारी थोरल्यानंच फोडायची. पाहुणे निलंग्याहून निघालेले. सकाळीच दादानं मला गोठ्यामागं नेलं. म्हणाला, "गुरुजी, छातीवर धोंडा ठेवल्यावानी हुतंय. डावा हातबी लई दुखायलाय." माघाची थंडी, अन् त्याचा सदरा घामानं चिंब.

मला कळलं नाही? कळलं की! सगळ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या हृदयालाही स्वतःला रक्त लागतं. ते नेणारी नळी तुंबली की मिनिटागणिक स्नायू मरत जातो — दरवर्षी मी हे फळ्यावर काढून दाखवतो. दारात गाडी उभी होती. लातूर दीड तासावर. आणि मी म्हणालो, पित्त झालंय. सोडा पाजला त्याला. ऐन वेळी थोरला उठून गेला तर पाहुणे अपशकून म्हणतील, सोयरीक मोडेल — एवढंच होतं माझ्या डोक्यात.

बैठकीत त्यानं पुन्हा माझी बाही ओढली. मी कानात म्हणालो, दहा मिनिटं कळ काढ, इज्जतीचा सवाल हाय. त्यानं ऐकलं माझं. सुपारी फोडली आणि तिथंच कलंडला.

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हणालो, आत्ताच. ते म्हणाले, शक्य नाही, हे सकाळपासूनचं आहे, पेशंटनं अंगावर काढलंय. मी मान डोलावली. वहिनी शेजारीच उभी होती.

दादा शुद्धीवर आला, माझ्याकडं बघितलं, आणि आजतागायत ब्र काढला नाही. रोज बोलणी खातो. कुणासाठी? या नालायकासाठीच ना!

आता बास. रविवारी पोरगी आणि जावई गावाकडं जेवायला येणार आहेत. पानं वाढली की मी बोलणार आहे. पोरगी रडेल. वहिनी दार दाखवेल, तर जाईन. माफी मागणार नाही — मागितली की दादा लगेच देऊन टाकेल, अन् मग वहिनीलाही द्यावी लागेल. नुसतं सांगणार आहे: वहिनी, दादानं सांगितलं होतं. दोनदा. मला.